‘इग्रीजस’ म्हणजे ‘उत्कृष्ट’ नव्हे! या चुका टाळा

शेजारची मुलगी परदेशातल्या एका विद्यापीठासाठी अर्ज करत होती. दोन पानांचं निवेदन लिहून तिने ते माझ्याकडे आणलं. ‘काकू, फक्त स्पेलिंग बघा. बाकी सगळं झालंय.’ मी भाषांतरं करते म्हणून आमच्या इमारतीतली इंग्रजीची असली कामं माझ्याकडेच येतात. चहा गॅसवर ठेवून मी वाचायला बसले आणि तिसऱ्या ओळीत अडखळले. तिथे लिहिलं होतं, ‘माय इग्रीजस (egregious) अकॅडमिक रेकॉर्ड’. स्पेलिंग अगदी बरोबर होतं, पण वाक्याचा अर्थ होत होता ‘माझी लाजिरवाणी शैक्षणिक कारकीर्द’. आणि पोरगी दहावीपासून पहिल्या वर्गात.

मी तिला विचारलं, ‘अगं, हा शब्द कुठून आणलास?’ तिचं उत्तर तयार होतं. तिने जीआरई या प्रवेशपरीक्षेसाठी शब्द पाठ केले होते, तेही नुसते घोकून नाही, मुळांवरून. ‘ए म्हणजे बाहेर, ग्रेक्स म्हणजे कळप. कळपाबाहेरचा, म्हणजे चारचौघांत उठून दिसणारा. आउटस्टँडिंग! बरोबर ना?’

तिने सांगितलेलं लॅटिन बरोबर होतं. तिथून तिने काढलेला इंग्रजी अर्थही चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी बरोबर ठरला असता. आज मात्र इग्रीजस म्हणजे वाईटपणात उठून दिसणारा: ढळढळीत, घोर, डोळ्यांत खुपणारा. चूक, खोटेपणा, नियमभंग, अन्याय, गैरवर्तन अशा नामांपुढे तो बसतो. या एका शब्दाभोवती इतक्या चुका होतात की मी त्यांची एक वहीच करायला हवी होती. त्यातल्या काही मी स्वतः केलेल्या आहेत. तेही पुढे सांगते.

चूक पहिली आणि सगळ्यात मोठी: मूळ सापडलं म्हणजे अर्थ सापडला असं समजणं

शब्दाची व्युत्पत्ती कळली की एक नशा चढते. कुलूप उघडल्यासारखं वाटतं. पण आपल्याकडच्या शास्त्रकारांनी याबाबत फार पूर्वीच सावध करून ठेवलंय: योगाद् रूढिर्बलीयसी. योग म्हणजे शब्दाच्या अवयवांवरून निघणारा अर्थ, आणि रूढी म्हणजे लोक प्रत्यक्षात ज्या अर्थाने तो वापरतात तो. दोघांची जुंपली की रूढी जिंकते. पंकज म्हणजे चिखलात जन्मलेलं. चिखलात किडेही जन्मतात, पण त्यांना कोणी पंकज म्हणत नाही. कुशल म्हणजे मुळात बोट न कापता कुश नावाचं गवत खुडून आणणारा. आज एखाद्या कुशल प्लंबरला गवताचं विचारून बघा.

इग्रीजसच्या बाबतीत रूढीने नुसता अर्थ अरुंद केला नाही, तो पार उलटा केला. लॅटिनमधला ‘एग्रेगिउस’ हा शुद्ध गौरवाचा शब्द होता: निवडक, नामवंत, श्रेष्ठ. सोळाव्या शतकात तो इंग्रजीत आला तेव्हाही हाच मान घेऊन आला. क्रिस्टोफर मार्लो या इंग्रज नाटककाराच्या ‘टॅम्बरलेन’ या नाटकाच्या दुसऱ्या भागाचा पहिला प्रवेश या शब्दानेच सुरू होतो. तिथे एक राजा आपल्या सुभेदारांना उद्देशून तो वापरतो, आणि अर्थ आहे ‘थोर सुभेदारांनो’. हे नाटक १५९० साली छापलं गेलं. पुढे वीसेक वर्षांतच शेक्सपिअरच्या ‘सिंबेलीन’मधला नायक पश्चात्तापाने स्वतःलाच इग्रीजस खुनी म्हणतो. तिथे थोरपणाचा मागमूस नाही. १७५५ सालच्या आपल्या कोशात सॅम्युअल जॉन्सनने दोन्ही अर्थ दिले, पण वाईट अर्थापुढे शेरा मारला की हाच आता नेहमीचा आहे. त्यानंतर चांगल्या अर्थाने हळूहळू दम सोडला.

हे उलटं कशामुळे झालं? बहुधा टोमण्यामुळे. हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज पडू नये, कारण टोमण्याने शब्द मारण्यात आपला हात कोण धरणार! ‘दिवे लावणे’ हा वाक्प्रचार घ्या. दिवा ही किती मंगल गोष्ट. पण ‘परीक्षेत काय दिवे लावलेस?’ असं वडिलांनी विचारलं की निकाल काय लागलाय ते शेजाऱ्यांनाही कळतं. ‘उजेड पाडला’, ‘गुण उधळले’, ‘काय प्रताप करून आलास?’, ‘आमचे कुलदीपक’, ‘दीडशहाणा’. ही सगळी स्तुतीच्या कापडातून शिवलेली निंदा आहे. सुरुवातीला टोमणा मारणाऱ्याला आवाजाला जरा हेल द्यावा लागतो, डोळे बारीक करावे लागतात. मग एक दिवस हेल गळून पडतो आणि वाईट अर्थ शब्दालाच चिकटून राहतो. आज ‘प्रताप’ हे मुलाचं नाव ठेवता येतं, पण ‘तुझे प्रताप कळले’ या वाक्याचा चांगला अर्थ करून दाखवा बघू.

इंग्रजीतही बहुधा तेच झालं. ‘वा, काय नामवंत चोर आहे’, ‘काय थोर मूर्ख आहे’ असं लोक कुत्सितपणे म्हणत राहिले, आणि नामवंत या शब्दालाच चोराचा वास लागला.

आपल्याकडचं सगळ्यात भारी उदाहरण अशोकाचं आहे. ज्या राजाच्या दगडावर कोरलेल्या आठव्या आदेशाचा तुकडा १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यात सापडला, तो स्वतःला ‘देवानांप्रिय’ म्हणवत असे. देवांचा लाडका. पुढे संस्कृत वैयाकरणांच्या हाती हीच पदवी मूर्ख माणसासाठी राखीव झाली. भट्टोजी दीक्षितांनी सतराव्या शतकात ‘देवानांप्रिय इति च मूर्खे’ असं सिद्धान्तकौमुदी या व्याकरणग्रंथात नोंदवूनच टाकलं. सम्राटाचा किताब व्याकरणाच्या वर्गात ‘गाढवा’ या अर्थाने वापरायचा, हा प्रवास एग्रेगिउसच्या तोडीचा आहे. अशोकाच्याच आदेशांतला ‘पासंड’ म्हणजे नुसता धर्मपंथ. निंदा नाही, स्तुती नाही. आपण त्याचा पाखंड केला. उलट दिशेचीही गाडी असते म्हणा. धर्मशास्त्रात ‘साहस’ हा बळजबरीचा गुन्हा होता, आणि आज आपण मुलांना साहसी शिबिरांना पाठवतो.

तर इग्रीजस दिसला की लॅटिन आठवू नका, ‘दिवे लावले’ आठवा.

कळप, गाव आणि ओवाळून टाकणं

ही चूक नाही, पण इथून पुढे जाववत नाही.

लॅटिनमधला ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप. भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध गोळा करणे या अर्थाच्या एका प्राचीन धातूशी जोडतात, आणि त्याच धातूशी आपला ‘ग्राम’ही जोडतात. ग्राम म्हणजे मुळात समूह, जमाव. गीतेतला ‘इंद्रियग्राम’ म्हणजे इंद्रियांचं खेडं नव्हे, इंद्रियांचा समुदाय. दोन जमाव समोरासमोर आले की तो संग्राम. पुढे एकत्र राहणाऱ्या माणसांच्या जमावाची वस्ती झाली, आणि ग्रामचं मराठीत गाव झालं.

म्हणजे इग्रीजस हा एका परीने ‘गावाबाहेरचा’. आता आपल्याकडे पक्क्या बदमाशाला काय म्हणतात? ‘गावावरून ओवाळून टाकलेला’. सगळ्या गावावरून ओवाळून काढलेला, गावाच्या हिशेबातून बाद झालेला. इंग्रजी शब्दाला जिथे पोचायला दोनेक शतकं लागली, ते आपल्या एका वाक्प्रचारात आहे: कळपाबाहेर असणं हा मान नाही, ती शिक्षा आहे. ही दोन्ही भाषांची नक्कल वगैरे नाही, निव्वळ योगायोग. पण शब्द लक्षात ठेवायला याहून बरी खुंटी मला अजून मिळालेली नाही. शेजारच्या मुलीला मी हेच सांगितलं आणि ती इतकी हसली की चहा सांडला.

उच्चाराची चूक

नऊ अक्षरांच्या या शब्दात ‘जी’ दोनदा येतो. आपली सवय अशी की एकदा एका अक्षराचा उच्चार ठरला की सगळीकडे तोच लावायचा. म्हणून कोणी ‘इग्रेगियस’ म्हणतं, कोणी ‘एज्रीजस’. पहिल्या ‘जी’नंतर ‘आर’ आहे, तिथे तो ग. दुसऱ्यानंतर ‘आय’ आहे, तिथे तो ज. इ-ग्री-जस, आणि जोर ‘ग्री’वर. शेवटच्या ‘आयओयूएस’मधले तीन स्वर स्वतंत्र काढायला जाऊ नका. ‘रिलिजस’ म्हणताना कुठे काढतो?

याच घराण्यातला ‘ग्रिगेरिअस’ म्हणजे माणसांत रमणारा, कळपप्रिय. त्यात दुसऱ्या ‘जी’नंतर ‘ए’ येतो म्हणून तो ग राहतो. या दोन शब्दांची सरमिसळ करून लोक ‘इग्रिगेरिअस’ असा तिसराच प्राणी जन्माला घालतात. असा शब्द नाही. मी तो एका छापील नोटिशीत पाहिलाय, तरीही नाही.

लिहिताना अजून एक. शब्द स्वराने सुरू होतो, त्यामुळे आधी ‘ॲन’ येणार, ‘अ’ नव्हे. किरकोळ गोष्ट, पण नेमकी इथेच घसरगुंडी होते, कारण लक्ष सगळं पुढच्या मोठ्या शब्दाकडे असतं.

नातेवाईक ओळखताना होणारी गफलत

खरे भाऊबंद आधी सांगते, कारण ते तुमच्या रोजच्या बोलण्यात आहेत. ‘ॲग्रिगेट’ म्हणजे कळपात आणलेलं, एकत्र केलेलं. गुणपत्रिकेवरची एकूण टक्केवारी ॲग्रिगेट, आणि बांधकामावर काँक्रीटमध्ये पडणारी खडी-वाळूही ॲग्रिगेटच. ‘सेग्रिगेट’ म्हणजे कळपातून वेगळं काढलेलं. ओला कचरा, सुका कचरा. ‘काँग्रिगेशन’ म्हणजे चर्चमध्ये जमलेली भाविक मंडळी, मेंढपाळाचा कळप. या सगळ्यांच्या पोटात तोच ‘ग्रेग’ आहे.

आता तोतये. ‘ॲग्रेसिव्ह’, ‘काँग्रेस’, ‘प्रोग्रेस’ आणि ‘इग्रेस’ हे या घरचे नाहीत. त्यांचं मूळ पाऊल टाकणे, चालणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. काँग्रेस म्हणजे एकत्र चालत येणं, ॲग्रेशन म्हणजे अंगावर चालून जाणं, इग्रेस म्हणजे बाहेर पडण्याची वाट. इमारतींच्या नकाशांवर आणि अग्निसुरक्षेच्या कागदांत इग्रेस दिसतो आणि घाईत त्याला इग्रीजसचं नाम समजणारे लोक आहेत. इग्रीजसचं नाम ‘इग्रीजसनेस’, तेही फारसं कोणी वापरत नाही.

सगळ्यात घातक तोतया म्हणजे ‘ग्रीव्हस’. ऐकायला जवळ, अर्थानेही वाईटच, म्हणून अदलाबदल खपून जाईल असं वाटतं. ग्रीव्हसचं मूळ जड, भारी या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. त्यात दुःख आणि इजा आहे. कायद्यात ‘ग्रीव्हस हर्ट’ ही व्याख्या केलेली संज्ञा आहे: जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ३२०, नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ११६, मराठीत ‘जबर दुखापत’. तिथे इग्रीजस हर्ट लिहिलंत तर वाक्य इंग्रजी राहील, कायदा राहणार नाही. फरक असा लक्षात ठेवा: ग्रीव्हस चुकीने कोणाला तरी फार लागतं, इग्रीजस चूक बघणाऱ्याला धक्का देते. एकच चूक दोन्ही असू शकते. (ग्रीव्हसला ‘ग्रीव्हियस’ म्हणू नका. तिथे जास्तीचा ‘आय’ नाहीच.)

तिखटाचा अंदाज चुकणं

नवा शब्द हाती आला की तो सगळीकडे शिंपडावासा वाटतो. कार्यालयातल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी सहकाऱ्याला मेल पाठवला की तुमच्या अहवालात पान चारवर इग्रीजस चूक आहे. चूक होती स्वल्पविरामाची. तो सहकारी आठवडाभर बोलला नाही म्हणे, आणि मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. इग्रीजस चूक म्हणजे अशी, जी करणाऱ्याला कळायला हवी होती, बघणाऱ्या कोणालाही दिसते, आणि जिच्याकडे डोळेझाक करणं बरं दिसत नाही. शस्त्रक्रियेत डाव्याऐवजी उजवा गुडघा उघडणं, परीक्षकाने न वाचता गुण देणं, स्वतःच्याच भावाला निविदा मंजूर करणं. टंकनदोष नव्हे.

कायद्याच्या इंग्रजीत तर या विशेषणाला रोख किंमत आहे. अमेरिकेत पेटंटचं उल्लंघन झालं तर न्यायालय नुकसानभरपाई तिपटीपर्यंत वाढवू शकतं. ती कधी वाढवायची, यावर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली हॅलो इलेक्ट्रॉनिक्सच्या खटल्यात निकाल दिला. अशी वाढ साधारणपणे इग्रीजस प्रकरणांसाठी, म्हणजे जाणूनबुजून केलेल्या निर्ढावलेल्या उल्लंघनासाठी राखून ठेवलेली आहे, असं न्यायालयाने म्हटलं. शब्दाच्या एका टोकाला साधी भरपाई, दुसऱ्या टोकाला तिप्पट. करारात किंवा नोटिशीत हा शब्द कोणी तुमच्यासाठी वापरला असेल तर ‘जरा कडक भाषा’ म्हणून सोडून देऊ नका.

आणि चव-रंग-हवामानाला हा शब्द लागत नाही. आमटी इग्रीजस होत नाही, ऊनही नाही. माणसाला लावायची रीत पूर्वी होती (इग्रीजस मूर्ख, इग्रीजस लबाड), आज ती जुनाट वाटते. आज तो माणसाच्या कृत्याला लावतात. ‘व्हेरी’ची फोडणीही नको. शब्दातच इतकं तिखट आहे की ‘व्हेरी’ने तो उलट पाणचट होतो. अनेक वाईटांतलं सर्वात वाईट दाखवायचं असेल तर ‘मोस्ट इग्रीजस’ चालतं, आणि सर्रास चालतं.

मराठीत आणताना

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या इंग्रजी अहवालाचं मराठी करत होते. मजुरांच्या हक्कांबद्दलचा अहवाल होता. रात्री अकराच्या पुढे, मुदत सकाळची. ‘इग्रीजस व्हायोलेशन्स’ आलं. मी लिहिलं, ‘उल्लेखनीय उल्लंघने’. अनुप्रासही साधला! डोक्यात कुठेतरी ‘उठून दिसणारा’ हा अर्थ बसलेला होता आणि हाताने त्यावरून थेट ‘उल्लेखनीय’ उचललं. मुकादमांनी मजुरांची मजुरी बुडवली, आणि मी त्याला शाळेच्या बक्षीस समारंभातलं विशेषण लावलं.

‘लक्षणीय’ ही याचीच धाकटी बहीण. ‘लक्षणीय’ म्हणजे मोजण्याइतकं मोठं. पाऊस लक्षणीय पडतो. त्यात निषेध नाही. ‘असाधारण’, ‘अपवादात्मक’ हेही इथे आंधळे शब्द: ते फक्त ‘नेहमीचं नाही’ एवढं सांगतात, ‘वाईट’ सांगत नाहीत. ‘भयंकर’ घ्यावा तर मराठीत भयंकर गोडही असतं आणि भयंकर आवडतंही.

मग काय वापरायचं? एकच शब्द ठरवून ठेवू नका, पुढचं नाम बघा. खोटेपणा असेल तर ‘धडधडीत’. धडधडीत खोटं या जोडीला इंग्रजीतही तोड नाही. चूक असेल तर ‘ढळढळीत’ किंवा ‘घोर’, आणि करणाऱ्याला माफी नाही असा सूर असेल तर ‘अक्षम्य’. अन्यायाला ‘घोर’च शोभतो. नियमभंग ‘उघडउघड’ किंवा ‘राजरोस’: राजरोसमध्ये निर्लज्जपणा आपोआप येतो, जो इग्रीजसमध्येही असतो. ‘ढोबळ’ जरा जपून, कारण ढोबळ अंदाजही असतो. जुन्या पुस्तकांतल्या इग्रीजस चोराला मात्र आपल्याकडे तयार सिंहासन आहे: अट्टल. अट्टल चोर, अट्टल जुगारी. अट्टल कीर्तनकार कोणी ऐकलाय? याउलट ‘पट्टीचा’ दोन्हीकडे चालतो, पट्टीचा गवई आणि पट्टीचा लबाड. इग्रीजस इंग्रजीत येताना पट्टीचा होता, आता अट्टल झालाय. मला वाटतं, या शब्दाचा सगळा इतिहास या एका वाक्यात मावतो, पण ते कोशात कोणी छापणार नाही.

जुनं आणि परकं वाचताना उलटी चूक

वाईट अर्थ एकदा पक्का शिकला की माणूस दुसऱ्या टोकाला जातो. मार्लोच्या त्या राजाचं भाषण वाचून ‘हा आपल्याच सुभेदारांना शिव्या का घालतोय?’ असं विचारणारे विद्यार्थी असतात. सोळाव्या-सतराव्या शतकातलं इंग्रजी वाचत असाल तर थांबून बघा: बोलणारा खूष आहे की चिडलेला? त्यावरूनच ठरवायचं, कारण तेव्हा दोन्ही अर्थ एकाच वेळी बाजारात होते.

आणि इंग्रजीबाहेर तर हा शब्द अजूनही मानाने नांदतो. इटलीतून औपचारिक पत्र आलं आणि वर ‘एग्रेजो सिन्योरे’ असं असलं तर रागावू नका, ते आपलं ‘सन्माननीय महोदय’ आहे. बाईंना लिहिताना ते सहसा ‘जेंतिले’ वापरतात, म्हणजे सौजन्यशील. हा मान पुरुषांसाठीच का, ते त्यांनाच विचारा. पोर्तुगीजमध्येही ‘एग्रेजिउ’ आदराचाच शब्द आहे, ब्राझीलमध्ये वकील न्यायालयाला उद्देशून तो लावतात. पोर्तुगीज शिकलेल्या गोव्यातल्या आजोबांना तो शब्द थोर या अर्थाने माहीत असेल आणि नातवाला इंग्रजीतून घोर या अर्थाने, आणि दोघंही बरोबर असतील. गोंधळ होतो तो भाषांतरात. व्यापारी पत्राचं इटालियनमधून इंग्रजी करताना ध्वनीवरून शब्द उचलला तर समोरच्या संचालकाला पहिल्याच ओळीत ‘हे घोर महोदय’ अशी हाक जाते.

चूक होऊन गेली असेल तर

आधी तुमच्या जुन्या मजकुरात हा शब्द शोधा आणि प्रत्येक ठिकाणी फक्त त्याच्या पुढचं नाम वाचा. नाम चांगलं असेल (कामगिरी, योगदान, यश, कारकीर्द), तर विशेषण चुकलंय, विचार करत बसू नका. नाम वाईट असेल तर बहुधा ठीक आहे, फक्त ते पुरेसं वाईट आहे का ते बघा. नाम तटस्थ असेल, म्हणजे ‘केस’, ‘उदाहरण’, ‘प्रकार’, तर वाक्य वाचणाऱ्याला निंदाच ऐकू येणार, हे धरून चाला.

जिथे स्तुती करायची होती तिथे ‘एमिनंट’, ‘डिस्टिंग्विश्ड’, ‘एक्झेम्प्लरी’ यांतलं काही चालेल. ‘आउटस्टँडिंग’ही चालेल, मात्र पैशांच्या आसपास नको: ‘आउटस्टँडिंग अमाउंट’ म्हणजे थकबाकी, आणि बँकेला तुमचं कर्ज कितीही उठून दिसलं तरी ते कौतुक नसतं. चुकीचा मेल आधीच गेला असेल आणि समोरचा माणूस दुखावला असेल तर लॅटिन व्युत्पत्ती समजावून सांगणारा दुसरा मेल पाठवू नका. एक ओळ पुरते: शब्द चुकला, मला कौतुक करायचं होतं. व्युत्पत्तीचं स्पष्टीकरण वाचून कोणाचा राग गेल्याचं मी पाहिलेलं नाही.

शेजारच्या मुलीने तिसऱ्या ओळीतला तो शब्द खोडला. त्या जागी काय घालायचं यावर आम्ही पंधरा मिनिटं घालवली. एमिनंट तिला पुढाऱ्यासारखं वाटलं, एक्सलंट शाळकरी. शेवटी तिने विशेषण काढूनच टाकलं आणि तिथे गुण लिहिले. निवेदन गेलं.

माझी ‘उल्लेखनीय उल्लंघने’ मात्र छापली गेली. त्या संस्थेच्या कपाटात तो अहवाल अजून असेल, पान सव्वीस, वरून दुसरा परिच्छेद.